चीनमध्ये मोटरसायकल घ्यायचीय? अवश्य घ्या!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझी सव्वाशे सीसीची मोटरसायकल विकायला आहे. नंतर कुणी म्हणायला नको की सल्ल्याच्या मिषानं गाडी गळ्यात मारली. सल्ला वेगळा, गाडी वेगळी. दोन्ही वापरलेले आहेत, एवढाच काय तो संबंध.

तर तुम्ही चीनमध्ये येऊन स्थिरावलात. कंपनीनं पाठवलं असेल, डॉक्टरकी शिकायला आला असाल, नाहीतर यिवूच्या बाजारात मालाच्या खरेदीत अडकला असाल. मेट्रो चकचकीत, बस वेळेवर, भाड्याच्या सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर. कशालाच नाव ठेवता येत नाही, आणि आपलं बिनसतं ते इथंच. ज्याचं लहानपण स्कूटरवर पुढे उभं राहून गेलं, मागे आई, आईच्या मांडीवर धाकटी आणि हँडलला भाजीची पिशवी, त्याला मेट्रोत दांडा धरून उभं राहिलं की आपण कुठे चाललोय असं वाटतच नाही. कुणीतरी नेतंय असं वाटतं.

ऑफिसातले चिनी सहकारी सांगतील, इलेक्ट्रिक घे, सगळा देश त्यावरच फिरतो. त्यांचं अजिबात ऐकू नका. एक तर त्या गाडीला आवाज नाही. मग आपण घरी आलो हे शेजाऱ्यांना कळणार कसं? दुसरं म्हणजे 2019 पासूनच्या नियमानं ती ताशी 25 किलोमीटरच्या वर जायची नाही, वजन 55 किलोच्या आत हवं आणि वर तिला सायकलसारखं पायडलही हवं. 2025 च्या नव्या नियमांत पायडलची सक्ती गेली, पंचवीसची राहिली. पंचवीसच्या वेगानं फिरायला लायसन लागत नाही, फार कटकट नाही, गाडी घरापर्यंत सुखरूप येते. पण सुखरूपच राहायचं असतं तर तुम्ही हा लेख उघडला नसता.

आता पहिला नियम. गाडी घेण्याआधी कायदा वाचू नका. वाचला की गाडी घ्यावीशी वाटत नाही, असा सगळ्यांचाच अनुभव आहे. चीनमधल्या शंभराहून जास्त शहरांत मोटरसायकलला या ना त्या प्रकारची बंदी आहे. ग्वांगझोनं 1 जानेवारी 2007 पासून शहरात तिला पाऊलच ठेवू दिलेलं नाही. कारणं सांगतात अपघाताची आणि गाडीवरून येऊन बायकांच्या पर्सा हिसकावणाऱ्यांची. आणि त्याच प्रांतात, जियांगमेनला, मोटरसायकलींचे कारखाने धडाधड गाड्या काढतायत. हलवायाच्या घरात सगळ्यांना मधुमेह निघावा, तशातली गत. बनवा हव्या तितक्या, पाठवा नायजेरियाला, बसू मात्र नका. शिआननं 2017 मध्ये बंदी उठवली. तेवढा एक दाखला जवळ ठेवा, बायकोला सांगायला उपयोगी पडतो.

दुकानात गेलात की टाकीवरची नावं फार वाचत बसू नका. ही सगळी मंडळी बहुतेक करून छोंगछिंगच्या डोंगरातली. तिथल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना सरकारनं सांगितलं की आता युद्ध पुरे, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करा. त्यातल्या जियालिंगनं 1979 मध्ये पन्नास सीसीची मोटरसायकल काढली. पुढे त्या एका शहरात इतके कारखाने झाले की एकाचं इंजिन, दुसऱ्याची टाकी आणि तिसऱ्याचं नाव अशी गाडी सहज जमून यायची. एकानं तर गाडीवर ‘होंगदा’ असं नाव घातलं. जपानी कंपनी कोर्टात गेली आणि 2004 मध्ये जिंकली. तुम्ही मात्र जुन्या बाजारात असं नाव दिसलं तर जरूर घ्या. पुण्याला फोटो पाठवायला बरं पडतं, लांबून वाचता येत नाही.

इंजिन मात्र खरंच गुणी आहे, हे विक्रेता म्हणून नाही, माणूस म्हणून सांगतो. होंडानं 1976 मध्ये सीजी 125 काढली, ती विकसनशील देशांतल्या गिऱ्हाइकांसाठी. मालक ऑइल बदलणार नाही, चेन साफ करणार नाही, गाडीवर क्षमतेच्या दुप्पट वजन लादणार, हे सगळं धरून चालूनच ते इंजिन बेतलेलं. चीननं त्याच्या इतक्या नकला केल्या की मूळ कोणतं हे आता इंजिनालाही आठवत नसेल. मालकाकडून शून्य अपेक्षा ठेवणारं यंत्र. आपली पत्रिका तिथंच जुळली.

दुकानदार डोळा मिचकावून आतल्या खोलीत नेईल आणि कार्ब्युरेटरवाली एक नवी कोरी गाडी अर्ध्या किमतीत दाखवेल. घेऊन टाका. 1 जुलै 2019 पासून नव्या प्रदूषण नियमांमुळे अशी गाडी नव्यानं नोंदवता येत नाही, पण हे त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही, म्हणजे मैत्री टिकली. त्याहून हौस दांडगी असेल तर ‘श्वेइछे’ मागा. शब्दशः अर्थ ‘पाण्याची गाडी’, म्हणजे समुद्रमार्गे चोरून आणलेली. तिला कागद असतात ते फक्त हेडलाइटभोवती गुंडाळलेले.

आणि कागदांचं विचारलंत तर उत्तर येईल, ‘छाबुद्वो’. हा शब्द पाठ करा. अर्थ ‘फारसा फरक नाही’, आपल्या ‘चालतंय की’चा सख्खा चुलतभाऊ. ब्रेक लागतो का? छाबुद्वो. मीटर बरोबर दाखवतो का? छाबुद्वो. माझ्या गाडीच्या मीटरवर 140 पर्यंत आकडे आहेत. मी ऐंशीच्या पुढचे अजून पाहिलेले नाहीत, पण आहेत.

आता नंबर. आमचे बाबा आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात आयुष्यभर होते. त्या काळात चेतकसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची; पोरगं बारशाला असताना लावलेला नंबर त्याच्या मुंजीला लागायचा. मी फोनवर त्यांना सांगितलं की इथे उलटं आहे, गाडी आज पैसे मोजले की आज, नंबर मात्र लागत नाही. ते म्हणाले, “म्हणजे चोरीची का रे?” चोरीची नाही हो बाबा. इथे गाडीपेक्षा नंबराची पाटी दुर्मिळ आहे. बीजिंगमध्ये ‘ए’ची पाटी असेल तरच शहराच्या आत जाता येतं, ‘बी’वाल्यानं चौथ्या रिंगरोडच्या बाहेरच घिरट्या घालायच्या. नव्या ‘ए’ पाट्या निघत नाहीत. म्हणून लोक गंजून पडलेली खटारा गाडी शोधतात, तिचे लाखांत युआन मोजतात, पाटी काढून घेतात आणि खटारा भंगारात देतात. शांघायलाही तीच तऱ्हा. पाच-सहा हजारांच्या गाडीला लाखांची पाटी! नाकापेक्षा मोती जड असं आपण म्हणतो, इथे तर नाक फेकून मोती तेवढा घरी न्यायचा.

माझ्या गाडीला पाटी आहे. रीतसर, पिवळी, आणि तिच्यावर एक 8 सुद्धा आहे, जो इथे भाग्याचा मानतात. फक्त ती पाटी ज्या तालुक्यात चालते तिथे मी राहत नाही. फार फरक नाही, अठरा किलोमीटरचा.

पैशाचं म्हणाल तर दीडशे सीसीपर्यंत खरेदीकर नाही आणि सक्तीचा विमा वर्षाला 120 युआन. इथवर सगळं इतकं स्वस्त आहे की माणूस गाफील होतो.

लायसन. आपलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे दाखवलंत तर हवालदार कौतुकानं फोटो बघेल आणि परत देईल. चीन ते मानत नाही. दोन चाकांसाठी ‘ई’ वर्गाचं लायसन लागतं आणि लेखी परीक्षेत शंभरात नव्वद. नव्वद! आपल्याला दहावीला नव्वद नव्हते. परीक्षा इंग्रजीतही देता येते, फक्त ते इंग्रजी कुणीतरी सूड म्हणून लिहिलेलं असावं असं वाटतं. प्रश्नसंचातला एक प्रश्न माझ्या कायमचा लक्षात राहिला. अपघातात जखमीचं आतडं पोटाबाहेर आलं तर काय कराल? आत ढकलाल? काहीच करणार नाही? बरोबर उत्तर, त्यावर वाडगं पालथं घाला आणि कापडानं बांधा. मी तीन रात्री हा अभ्यास स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून केला, समोर वाडग्यात नूडल्स. तेव्हापासून डिकीत एक स्टीलचं वाडगं असतं. ते गाडीसोबत मिळेल.

लायसनशिवाय चालवलीत तर 200 ते 2000 युआन दंड आणि वर 15 दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते. कोठडीत चिनी भाषा झपाट्यानं सुधारते म्हणतात. क्लासची फी बघता विचार करण्यासारखं आहे.

गाडीची पूजा अवश्य करा. आईचा व्हिडिओ कॉल येतो, सुटका नाही. मी नारळ ऑनलाइन मागवला. तो आला सोललेला, पांढराशुभ्र, वरच्या टोकाला भोक पाडून आणि सोबत स्ट्रॉ. असा नारळ वाढवायचा कसा हे कोणत्या पोथीत आहे? शेवटी स्ट्रॉ खोचून टाकीपुढे ठेवला, देवाला वाटलं तर घेईल. चाकाखाली लिंबू ठेवलं. खालचा वॉचमन बघत होता. तो आत गेला आणि लाल कापडाची एक पट्टी आणून त्यानं स्वतःच्या हातानं आरशाला बांधली. नव्या गाडीला इथे तसं बांधतात. त्या दिवशी एवढंच काय ते कायदेशीर आणि नीट झालं.

रस्त्यावर आलात की उजवीकडून चालवायचं. पहिला आठवडा बरा जातो, कारण माणूस घाबरलेला असतो. धोका दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा डोक्यात जुनं गाणं वाजायला लागतं आणि हात आपोआप चिंचवडच्या बाजूला वळतो. शिवाय मोटरसायकल म्हणजे कायद्यानं मोटरगाडी. कडेच्या सायकलींच्या पट्ट्यात जायची परवानगी नाही. तिथून जेवणाचे डबे पोचवणारी पिवळ्या-निळ्या जाकिटातली पोरं तुमच्या उजव्या अंगानं भुतासारखी न वाजता जातात. डावीकडे बस. तुम्ही मधे, त्रिशंकू. हेल्मेट घालाच. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध लढण्याची आपली थोर परंपरा आहे, ती इथे पुढे न्यायला जाऊ नका. जून 2020 पासून इथे मोहीम आहे आणि चौकातल्या कॅमेऱ्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याला साहेबांचा फोनही लावून देता येत नाही.

आणि हो, पेट्रोल. हे कुणी आधी सांगत नाही. पंपावर रुबाबात गाडी आत घातलीत की बाई हात करत धावत येते. मोटरसायकल पंपाजवळ आणायची नाही. लांब, भिंतीकडे उभी करायची. मग ती एक पत्र्याची किटली आणते. खरोखरची किटली, लांब नळीची, आपल्याकडे टपरीवर पोऱ्या घेऊन फिरतो तशी. तिच्यात पेट्रोल भरते आणि ती तुमच्या हातात देते. तुम्ही चालत जाऊन टाकीत ओतायचं. दहा युआनचं पेट्रोल, मागे पांढऱ्या आलिशान मोटारींची रांग, आणि तुम्ही दोन्ही हातांनी किटली धरून उभे, थेंब सांडू नये म्हणून जीभ बाहेर. कधी कधी नाव, पासपोर्ट नंबरही लिहून घेतात. पहिल्यांदा मला वाटलं अपमान केला. आता सवय झाली आहे. परवा तर तोंडातून निघून गेलं, “कटिंग द्या.”

हिवाळ्याबद्दल एकच सांगतो. नोव्हेंबरात इथले लोक स्कूटरच्या हँडलला एक गोधडी बांधतात. छातीपासून गुडघ्यापर्यंत येते, हातांना दोन कप्पे असतात आणि बाजारात ती गुलाबी रंगात, अस्वलाच्या चित्राची जास्त मिळते. तुम्ही हसा. मीही हसलो होतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वासातला, क्लचवरची बोटं आपलीच आहेत का हे बघायला मी सिग्नलला हातमोजा काढला आणि शेजारच्या आजीबाईंनी आपली गोधडी किंचित उचलून, आत हात घाल, अशी खूण केली. त्याच संध्याकाळी घेतली. अस्वलाचीच मिळाली.

शेवटचं म्हणजे आयुष्य. 2013 च्या नियमानुसार दुचाकीला तेरा वर्षं. मग गाडी कितीही ठणठणीत असो, भंगार. आमच्या काकांची 1989 ची एम-80 अजून शेतावर दुधाचे कॅन वाहते हे मी इथल्या मेस्त्रीला सांगितलं. सिगारेट तोंडात तशीच ठेवून, पेट्रोलच्या नळीपाशी वाकलेला, तो म्हणाला, खोटं. मी फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून इंजिन बघितलं, बराच वेळ बघितलं, मग चेन ताणून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

तर माझी गाडी. आठ वर्षांची, म्हणजे पाच शिल्लक. रंग मूळचा लाल. जूनअखेर मी परत जातोय, त्याआधी घेऊन जावी. बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा. ‘नुसती एक चक्कर मारून बघतो’ म्हणणाऱ्यांनी पेट्रोल स्वतःचं आणावं. कागद समक्ष दाखवले जातील, त्यावर प्रश्न विचारू नयेत. हेल्मेट, वाडगं आणि आरशाची लाल पट्टी किमतीत धरलेली आहे.

गोधडी मिळणार नाही. तिच्यावरून घासाघीस करू नये.