चौदावा बोल्ट

विकणाऱ्याने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं, "ओरिजिनल फोर-स्पीड!" म्हणजे कारखान्यातूनच आलेला, हाताने बदलायच्या चार गिअरांचा गिअरबॉक्स. आपल्याकडे स्थळ सुचवताना "मुलगा अगदी निर्व्यसनी" म्हणतात ना, अगदी त्या सुरात. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण समोर 1969 ची शेवरलेट शेव्हेल उभी होती आणि ग्रिलवर एसएसचा, म्हणजे 'सुपर स्पोर्ट'चा, बिल्ला चमकत होता. शिवाय मिशिगनमध्ये पंधरा वर्षं काढूनही वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, मी आजवर प्रेक्षक म्हणूनच गेलो होतो. दर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी घडीची खुर्ची, थर्मासमधला चहा आणि दुसऱ्यांच्या गाड्या. माणसाला कधीतरी खुर्चीतून उठावंसं वाटतं.

बायकोला म्हटलं, "मसल कार आहे." तिने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खालचा गंज पाहिला आणि म्हणाली, "मसल कुठाय? हाडंच दिसतायत."

तरी सहा महिने सगळं सुरळीत चाललं. गंज खरवडणं, पत्रा बदलणं, पाठ धरणं, शेक घेणं. घोडं अडलं ते गालिचावर. या गाड्यांचा गालिचा फरशीच्या उंचवट्यावर बेतून मिळतो, म्हणून दुकानदाराने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "फोर-स्पीड की ऑटोमॅटिक?" मी रुबाबात म्हणालो, "फोर-स्पीड." तो म्हणाला, "आता आहे ते नको, कारखान्यातून काय आलं होतं?" मी म्हणालो, "तेच." आणि फोन ठेवल्यावर माझ्याच आवाजात मला तो विकणारा ऐकू आला.

गाडीचा जन्मदाखला म्हणजे डॅशबोर्डवर काचेखालचा नंबर. माझ्या गाडीचा सुरू होतो 136379के असा. 1 म्हणजे शेवरलेट, 36 म्हणजे व्ही-8 इंजिनाची शेव्हेल मालिबू, 37 म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे, 9 म्हणजे 1969 आणि के म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. गिअरचं नाव नाही. एसएसचंसुद्धा नाही. 1968 पर्यंत एसएस 396 या मॉडेलचा नंबरच वेगळा असायचा, 138 ने सुरू होणारा. 1969 पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला, त्यामुळे नंबरावरून काही ठरत नाही आणि बिल्ला कोणीही चिकटवू शकतो. सातबारा मिळावा आणि त्यात मालकाचं नावच नसावं, तशातली गत.

शेजारी एक म्हातारबुवा आहेत, 1970 च्या पॉन्टिअक जीटीओचे मालक. पॉन्टिअकवाल्यांचं बरं असतं. कारखान्याच्या नोंदी शिल्लक आहेत. पैसे भरले की गाडीच्या मूळ बिलाची नक्कल घरी येते, गिअरबॉक्ससकट. बुवांनी ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावली आहे, आपण सत्यनारायणाचा फोटो लावतो तशी. अमेरिकेत बनलेल्या शेवरलेटला ही सोय नाही. कॅनडात ओशावाला जन्मली असती तरी कागद मिळाला असता. बुवा दर रविवारी कुंपणापाशी येऊन विचारायचे, "लागला का पत्ता?" या प्रश्नात आस्था किती आणि आनंद किती, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग मी इंजिनाकडे वळलो. ब्लॉकवर उजव्या हेडच्या पुढे बोटभर सपाट जागा असते. तिथल्या नंबराच्या शेवटच्या अक्षरांवरून इंजिन मॅन्युअलसाठी बनलं की ऑटोमॅटिकसाठी, ते कळतं. ग्रीस पुसलं, रॉकेल लावलं, टॉर्च धरला. जागा आरशासारखी गुळगुळीत. कोणीतरी कधीतरी ब्लॉक मशीनवर घासून घेतला होता आणि नंबराबरोबर पुरावाही गेला होता. मला तिथे फक्त माझा चेहरा दिसला, तोही फारसा हुशार नव्हता.

राहिला खुद्द गिअरबॉक्स. तो मन्सी निघाला. इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे, तिथे बनायचा म्हणून हे नाव. केसवर कोरलेलं होतं: पी 0 डी 17 बी. पी म्हणजे मन्सीचा कारखाना, 0 म्हणजे 1970, डी म्हणजे एप्रिल, 17 तारीख, आणि शेवटचा बी म्हणजे एम-21, जवळजवळच्या गिअरांचा. मी जॅकखाली उताणा पडून खूश होत होतो, तेवढ्यात फायरवॉलवरची, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरची, पट्टी आठवली. तिच्यावर 03 बी होतं, म्हणजे बॉडी बनली मार्च 1969 च्या दुसऱ्या आठवड्यात. गिअरबॉक्स गाडीपेक्षा तेरा महिन्यांनी लहान! बाजूला गाडीचा अपुरा नंबरही ठोकलेला होता, 1968 पासून तसा दंडकच होता. तो 20पी ने सुरू होत होता. 2 म्हणजे पॉन्टिअक.

हे मी बुवांना सांगायला नको होतं. बुवा चप्पल न घालता धावत आले, माझ्या शेजारी गाडीखाली आडवे झाले आणि स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ म्हणत एकेक आकडा पडताळू लागले. चौथ्या आकड्याला गाडं अडलं. बुवा तसेच निजून राहिले. म्हणाले, "पी म्हणजे पॉन्टिअक गावचाच कारखाना. इथून अर्ध्या तासावर." मुलगी जवळच्याच गावची निघावी आणि पत्रिका जुळू नये, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

रात्री नाशिकला फोन लावला. बाबांनी तीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली, स्टीअरिंगजवळच्या हँड गिअरची. त्यांना माझा प्रश्नच कळेना. "गिअर कुठला ते हातात धरल्यावर कळतं की. पन्नास वर्षांपूर्वी कुठला होता याची चौकशी करतोस? तू गाडी घेतलीस का तिची चौकशी समिती?"

दुसऱ्या दिवशी फरशी उघडली. कारखान्याचा फोर-स्पीडचा उंचवटा असता तर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके रांगेत दिसले असते. इथे गॅस कटरने पाडलेलं भोक होतं, कडा करपलेल्या भाकरीसारख्या, आणि त्यावर रिव्हेट मारून ठोकलेला पिवळा पत्रा. पत्रा उलटा केला तर खाली काळ्या रंगात अर्धी गाय. रस्त्यावरचा, गुरं आडवी येतात असा इशारा देणारा फलक कापून कोणीतरी माझ्या गाडीला लावला होता. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "शुभ आहे. काढू नकोस."

ब्रेकच्या पेडलवरचं रबर सोललं. मॅन्युअलचं पेडल अरुंद असतं, ऑटोमॅटिकचं रुंद. हे अरुंद होतं खरं, पण दोन्ही कडांवर ग्राइंडरचे चरे! रुंदाला कापून अरुंद केलेलं. म्हणजे गाडी ऑटोमॅटिकच. उरला प्रश्न एवढाच, की कुठली?

कारखान्यात जोडणी करताना कामगार जो कागद वापरायचे, तो कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर राहून जायचा. टाकी उतरवली. कागद होता! तपकिरी, पापडासारखा. मी श्वास रोखून तो कुकरच्या झाकणावर पसरला (बायकोने पाहिलं, पण प्रसंग ओळखून गप्प बसली). गिअरच्या रकान्यात लिहिलं होतं: एम-3. त्यापुढे भोक. एम-35 म्हणजे पॉवरग्लाइड, दोनच गिअरांचा. एम-38 म्हणजे टर्बो-हायड्रामॅटिक 350, त्याच वर्षी आलेला, तीन गिअरांचा. शेवटचा आकडा उंदराने खाल्ला होता. उंदीर हे गणपतीचं वाहन हे मला मान्य आहे. पण एका वाहनाने दुसऱ्याची अशी कागदपत्रं खावीत?

शेवटी माणसांच्या मागे लागलो. विकणारा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा, असं करत उत्तर इंडियानातल्या एका शेतावर पोचलो. तिथले आजोबा गाडीचा फोटो बघून हसायलाच लागले. "ही? ही आईची गाडी. चर्च आणि किराणा. धाकट्या भावाला हायस्कुलात असताना रेसचं वेड लागलं, त्याने सगळं उपटून टाकलं." एसएसचा बिल्लाही त्याचाच. आणि जुना गिअरबॉक्स? आजोबांनी कोठाराकडे बोट केलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पायाशी काहीतरी टेकवलं होतं. पन्नास वर्षं.

मी गुडघ्यावर बसलो. तळाच्या तबकडीवर शेवाळ, कोंबड्यांची विष्ठा आणि वाळलेलं तेल यांचा थर होता. टर्बो 350 च्या तबकडीला तेरा बोल्ट असतात, पॉवरग्लाइडला चौदा. नखाने खरवडत मोजायला लागलो. अकरा. बारा. तेरा. मग बराच वेळ फक्त शेवाळ. मनात म्हटलं, निदान तीन तरी गिअर असू देत. कोपऱ्यात नखाला काहीतरी टणक लागलं.

चौदा.

केसवर तारेचा ब्रश मारला तर 19के आणि पुढचे सहाही आकडे माझ्या गाडीचे. आजोबांनी पैसे घेतले नाहीत, फक्त दाराला लावायला दुसरं काहीतरी मागितलं. मी डिकीतला माझा जॅक दिला.

बाबांना सांगितलं, "दोन गिअर." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या चेतकला चार होते रे."

पॉवरग्लाइड आता गाडीत आहे. पहिला, दुसरा, संपलं. गालिचाही ऑटोमॅटिकचा आलाय. त्याखाली फरशीचा नवा पत्रा आणि अर्धी गाय गॅरेजच्या भिंतीवर. मन्सी विकायला काढलाय, नंबरासकट. गेल्या आठवड्यात ओहायोतून एकाचा फोन आला. आवाज थरथरत होता. "20पी म्हणालात ना? पुढचे आकडे जरा सावकाश सांगा हं."

मी सावकाश सांगायला लागलो. चौथ्या आकड्यापर्यंत आलो तेव्हा कुंपणापाशी बुवा येऊन उभे होते.