दोनशे छप्पनातून बत्तीस गेले

आमच्या घरात मध्यंतरी २५६ हा आकडा उच्चारायला बंदी होती. बंदी बायकोने घातली होती. झालं असं, की एका रविवारी पोह्यांची ताटली माझ्यापुढे ठेवत तिने विचारलं, "अजून घालू का?" आणि मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "बासष्ट."

"बासष्ट काय?"

"होस्ट. चौसष्टातले दोन गेले ना."

तिने ताटली उचलून परत आत नेली.

मी गेली सोळा वर्षं लोकांची नेटवर्कं जुळवतो. कुठल्यातरी ऑफिसात इंटरनेट बंद पडलं की मी जातो, टेबलाखाली शिरतो, धूळ खातो, एक वायर काढून परत लावतो आणि "आता बघा" म्हणतो. या "आता बघा"वर माझा संसार उभा आहे. पण गेल्या दिवाळीनंतर साहेबांनी बोलावून सांगितलं, की एका टेंडरमध्ये सर्टिफाइड माणसं मागितली आहेत, तेव्हा तू सीसीएनए करून टाक. 'करून टाक' हे ते अशा सुरात म्हणाले, की जसं काही येता येता अर्धा किलो कांदे आणायचे आहेत.

सीसीएनए ही सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची परीक्षा. सॅन फ्रान्सिस्को या नावाची शेपटी तोडून १९८४ साली कंपनीचं बारसं झालं. परीक्षेचा नंबर २००-३०१. मला वाटलं, आमच्या सोसायटीतले दोन फ्लॅट आहेत. वेळ दोन तास, फी ३०० डॉलर, वर कर. म्हणजे पंचवीस हजारांच्या वरच. ऑफिस ते पैसे देणार होतं, पण पास झाल्यावर. आईने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या अख्ख्या बी.एस्सी.ला एवढे लागले नव्हते. आणि त्यात दोनदा बसलास."

अभ्यासाला जागा एकच होती, लोकल. मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने कोपरखैरणेला उतरतो, पुढे शेअर रिक्षाने महापे. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. पाच थांबे. नेटवर्कवरून माहिती पाकिटांतून जाते आणि पाकिटाच्या पाठीवर टीटीएल नावाचा एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पाकिटाला पुढचा रस्ता दाखवणारा डबा, त्यातून एक कमी करतो आणि आकडा शून्यावर आला की पाकीट फेकून देतो. हे मला पुस्तकातून नाही, दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून कळलं. घरून निघताना माझा टीटीएल पाच असतो. कोपरखैरणेला शून्य होतो आणि गर्दी मला बाहेर फेकून देते.

बाकीचं पुस्तक मात्र इतकं प्रेमळ नव्हतं. पहिल्याच प्रकरणात नेटवर्कच्या कामाचे सात थर. ते पाठ करायला सगळीकडे सॉसेज आणि पिझ्झा असलेलं एक इंग्रजी वाक्य देतात. आमच्याकडे गुरुवारी असलं काही मनातही आणत नाहीत. मग मी आमचं वाक्य केलं: 'फणस डोक्यावर नेताना टक्कल सांभाळा, पडेल अंगावर.' फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. डब्यात हे पुटपुटत असताना समोरच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी दोन डबे सोडून चढू लागलो.

पण खरी साडेसाती सबनेटिंगची, म्हणजे पत्त्यांचे गट पाडण्याची. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, तरी सांगतो. एक पत्ता देतात. १९२.१६८.१०.७७, पुढे तिरकी रेघ आणि २७. मग विचारतात, हा माणूस कुठल्या मोहल्ल्यातला? कॅल्क्युलेटर मिळत नाही. मी सोळा वर्षं हे काम एका वेबसाइटवर आकडा टाकून करत आलो होतो आणि त्याला 'अनुभव' म्हणत होतो.

एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी हा पत्ता घेऊन बसलो होतो. कागदावर एक आणि शून्यांची रांग. आई वाटाणे सोलत होती.

"काय अडलंय?"

"तुला नाही कळायचं गं."

चुकलंच माझं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला, त्यातून निमकी-पावकी-औटकी पाठ असलेल्या बाईला, हे वाक्य बोलायचं नसतं. तिने वाटाणे बाजूला केले. "सांग."

मी सांगितलं, की एकूण जागा २५६ आणि त्या रेघेपुढच्या २७ मुळे एकेका गटात बत्तीस.

"म्हणजे पंगती," आई म्हणाली. "बत्तीस पानांची एक पंगत. दोनशे छप्पनात आठ पंगती. मग?"

"प्रत्येक गटातला पहिला पत्ता कुणाला देता येत नाही. तो गटाचंच नाव असतो."

"पहिलं पान देवाचं. बरोबर आहे."

"आणि शेवटचाही देता येत नाही. त्यावर पाठवलेलं सगळ्यांना ऐकू जातं."

"तिथे आचारी उभा राहून 'भात आला, भात' ओरडणार. तिथे कोण बसेल? बसतील तीसच. आता तुझा तो सत्त्याहत्तर. शून्य, बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव. म्हणजे चौसष्टाला सुरू होते त्या तिसऱ्या पंगतीत तो जेवतोय. चौसष्टावं पान देवाचं, पंच्याण्णवाव्यावर आचारी."

"आणि मास्क?" मी घाईघाईने उत्तराचं पान उघडत विचारलं.

"ते काय असतं?"

"दोनशे छप्पनातून बत्तीस वजा करायचे."

"दोनशे चोवीस," असं म्हणून तिने वाटाणे पुन्हा पुढे ओढले. "एवढ्यासाठी पंचवीस हजार घेतात?"

त्या रात्रीपासून आई माझी परीक्षक झाली. मी दाढी करत असलो की बाथरूमच्या दाराबाहेरून हाक, "स्लॅश अठ्ठावीस, किती पानं?" माझ्या नववीतल्या मुलीला हा खेळ फार आवडला. ती आजीच्या बाजूने खेळायची. बायकोची बंदी याच काळातली.

मग मला एक चटकच लागली. पुस्तकात जे वाचावं ते सोसायटीत दिसायचं. खाली कुरिअरवाला येऊन "तीनशे दोन कोण?" ओरडतो, सगळ्या खिडक्या ऐकतात आणि एकच बोलते, तो एआरपी, म्हणजे पत्त्यावरून यंत्र शोधायची हाक. 'उद्या पाणी येणार नाही' ही बातमी ए विंगमधून निघून बी विंगमार्गे फोनवरून पुन्हा ए विंगमध्ये येते आणि ज्यांनी सोडली त्यांनाच नवी वाटते, ती ब्रॉडकास्ट स्टॉर्म. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या पाकिटाला, टीटीएल नसतो, म्हणून ती फिरतच राहते. ठाण्यात पाण्याच्या बातमीलाही नसतो.

सगळ्यात सुरेख जमले ते आमचे सेक्रेटरी. ओएसपीएफ नावाच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या नियमांत, शेजारी शेजारी राउटर असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी सगळं बोलायचं ठरवलं तर दिवसभर तेच चालेल. म्हणून निवडणूक घेऊन एक म्होरक्या नेमतात आणि एक उपम्होरक्या. सगळ्यांनी सगळं या दोघांनाच सांगायचं. उरलेल्यांची आपसातली ओळख 'टू-वे' अवस्थेत राहते, म्हणजे तू मला दिसलास, मी तुला दिसलो, संपलं. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांशी लिफ्टमध्ये माझं अकरा वर्षं टू-वेच चालू आहे. आणि पुढचं तर मी बायकोला झोपेतून उठवून वाचून दाखवलं: म्होरक्या एकदा निवडला, की मागाहून त्याच्याहून लायक राउटर आला तरी त्याला हलवता येत नाही. तो स्वतः बंद पडेपर्यंत तोच.

"हे लिहिणारा कुठल्या सोसायटीत राहतो?" बायकोने विचारलं आणि कूस बदलली.

याच प्रोटोकॉलमध्ये दर दहा सेकंदांनी 'हॅलो' पाठवायचा असतो. चाळीस सेकंद हॅलो आला नाही, तर शेजारी मेला असं धरून दुसरा रस्ता काढतात. बायको मला फोन करते, मी उचलत नाही, पाचव्या मिनिटाला मुलगी दुकानात दूध आणायला गेलेली असते. मी आठव्या मिनिटाला दूध घेऊन पोचतो. आमच्याकडे खीर बऱ्याचदा होते ती अशी.

एका ठिकाणी मात्र मला हसू आलं नाही. स्विच म्हणजे ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणारे डबे. त्यांच्यातून फ्रेमा गोल गोल फिरू नयेत म्हणून त्यांच्यातही एक कर्ता ठरतो. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये ही युक्ती काढली. सगळ्यांची प्राधान्यसंख्या मुळात ३२७६८ असते. ती कुणी बदलली नाही, तर ज्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेला नंबर, सर्वांत लहान तो कर्ता. आणि लहान पत्ता बहुतेक वेळा सर्वांत जुन्या डब्याचा असतो. हे वाचलं आणि मला एक जुनं ऑफिस आठवलं. तिथे लाखभराचा नवा स्विच बसवूनही सगळं रखडायचं, मी दर महिन्याला जाऊन "आता बघा" म्हणायचो. कोपऱ्यात प्रिंटरसाठी ठेवलेला एक पिवळा पडलेला स्विच होता. तोच राजा असणार. अख्ख्या मजल्याची वाहतूक त्याच्या दारावरून जात असणार. नव्या स्विचला कर्ता करायला एका ओळीची कमांड होती. मी तिथे चार वर्षं जात होतो.

असो.

कमांडचं दुखणं वेगळं. सरावाला पॅकेट ट्रेसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यात मुलीच्या लॅपटॉपवर मी राउटर मांडायचो. टाइप करताना एक अक्षर चुकलं, की राउटर 'चुकलं' म्हणत नाही. त्याला वाटतं हे कुणाचं तरी नाव आहे आणि तो त्या नावाचा पत्ता शोधायला निघतो. आपण हात बांधून बसायचं. आमच्या आईचं असंच आहे. तिला कुणाचं नाव चुकीचं ऐकू आलं, की ती तीन मावश्यांना फोन करून 'हे कोण' ते विचारते. आणि राउटरचं दार मुळात बंदच असतं. ते उघडायला 'उघड' म्हणायचं नाही, 'नो शटडाउन' म्हणायचं. हे मला लक्षातच राहीना. शेवटी आईच म्हणाली, "पंगतीत 'नको नको' म्हटलं की वाढायचं असतं, तसंच ना?" त्यानंतर एकदाही विसरलो नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर खिसे उलटे करून दाखवले, चष्मा काढून दाखवला, घड्याळ, पाकीट, रुमाल, आईने दिलेला अंगारा, सगळं लॉकरमध्ये. हातात एक पुसता येणारा फळा आणि मार्कर. बसल्या बसल्या मी त्यावर बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव लिहून काढलं. प्रश्न पुढे ढकलला की मागे येता येत नाही. ठाण्याची माणसं फास्ट लोकलमध्ये चुकून बसली, की मुलुंड-भांडुप कसं डोळ्यांसमोरून जाताना बघतात, तसे मी प्रश्न जाताना बघितले. नापास झालो.

मासुंदा तलावाच्या कठड्यावर अर्धा तास बसलो. मग घरी.

"काय विचारलं होतं?" आई म्हणाली.

"सांगता येत नाही. प्रश्न बाहेर फोडणार नाही अशी सही करून दिली आहे."

"बाहेर कोण सांगतंय? घरात सांग."

पाच दिवस थांबल्याशिवाय पुन्हा बसता येत नाही. सुतकाचे दहा असतात, हे निम्म्यात उरकलं, असं मुलगी म्हणाली. तिला कुणी रागावलं नाही. मी मात्र पाचाचे पंधरा केले, ठेव मोडली, पुन्हा बसलो. या वेळी डोक्यात पुस्तक नव्हतंच. नुसत्या पंगती उठत होत्या, बसत होत्या, सेक्रेटरी फिरत होते. पास झालो.

साहेब म्हणाले, "छान," आणि टेंडरची तारीख निघून गेल्याचं सांगितलं. सोसायटीत बातमी टीटीएलशिवाय फिरली. त्याच संध्याकाळी सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांचा प्रिंटर चालत नव्हता.

सर्टिफिकेटची प्रिंट आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. "ही खाली तारीख कसली?"

"तीन वर्षांनी संपतं ते. मग पुन्हा परीक्षा."

"माझं सातवीचं सर्टिफिकेट अजून चालतंय," ती म्हणाली. मग उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि मागे, गॅसचा सिलिंडर लावल्याच्या तारखांखाली, माझी तारीख लिहून ठेवली.