पेपर बंद करा सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: "ऑक्सफर्डचा सर्व्हे! आपले लोक यूट्यूब-व्हॉट्सॲपवर बातम्या घेतात, भारत जगात पुढे. अमेरिका-जपानमधे पेपर कुणी वाचत नाही. पेपर-टीव्ही विकलेले, ग्रुपवर ओळखीच्या माणसाकडून येते तीच खरी बातमी." आमच्या काकांनी हे वाचून पेपर बंद केला म्हणून लिहायलोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

सर्व्हे खरा आहे, ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा, २०२५ चा, ४८ देशांचा. पण त्यातच लिहिलंय की भारतातून इंग्रजी येणाऱ्या, ऑनलाइन बातम्या बघणाऱ्या लोकांनाच विचारलं, हे सगळ्या देशाचं चित्र नाही. सेलू-गंगाखेडला मराठी पेपर वाचणारा माणूस त्यात धरलेलाच नाही, मग "आपले लोक" कोण? आणि पुढे-मागेचा संबंध काय, बातम्यांवरच्या विश्वासात तर त्या सर्व्हेत फिनलंड वर आहे, ६७ टक्के, अन् तिथले लोक बातमीसाठी सरळ बातम्यांच्या साइटवर जातात.

आता ते "ओळखीच्या माणसाकडून". याचाच मला जास्त राग आलाय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी होते ते, बहुतेक सोलापूरकडचे. ती अफवापण ओळखीच्यांनीच ओळखीच्यांना पाठवलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, ती काय उगीच? आणि काकांचं सांगतो, "उद्यापासून अतिवृष्टी" असा मेसेज पाव्हण्यांनी पाठवला, तारीख नाही, जिल्हा नाही, काकांनी घाईघाईनं हिरवट सोयाबीन काढलं, पाऊस आलाच नाही आणि मोंढ्यात ओलावा जास्त म्हणून भाव पाडला. हवामान खात्याच्या इशाऱ्यात तारीख अन् जिल्हा दोन्ही असतात, पेपरात छापून येतो.

जपानचं साफ खोटं, तिथला योमिउरी शिम्बुन हा पेपर २०२४ मधेसुद्धा रोज ५० लाखांच्या वर खपत होता. अमेरिकेचं अर्धं खरं, त्याच सर्व्हेत तिथं बातम्यांसाठी सोशल मीडिया वापरणारे ५४ टक्के, टीव्ही बघणारे ५० टक्के, सोशल मीडिया टीव्हीच्या पुढे पहिल्यांदाच गेला.

विकलेले म्हणाल तर मानावं लागतं, २००९ च्या विधानसभेला पैसे घेऊन छापलेल्या बातम्या आपल्याच राज्यात निघाल्या. पण ते बाहेर काढलं पत्रकार पी. साईनाथांनी, पेपरातच, स्वतःच्या नावानं. या मेसेजखाली नाव कुणाचंच नाही, दोन-तीन ग्रुपवर विचारलं कुणी लिहिला म्हणून, कुणी सांगेना.