तीन वर्षांच्या पोराला शंभर आकडे? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस एकच मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांपर्यंत होते, म्हणून तिसऱ्या वर्षापासून रोज दोन तास बसवून लिखाण घ्या, १०० पर्यंत आकडे पाठ करून घ्या, खेळात आणि घरकामात मुलांचा वेळ घालवू नका." दोघीजणींनी लगेच वर्कशीटच्या झेरॉक्स काढून आणल्या म्हणून लिहायला बसले.

पहिलं ते ९० टक्के. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण ९० टक्के होतो हे खरंय, पण तो आकार झाला. शिकणं तिथे संपतं असं नाही.

दुसरं, १०० आकडे. हे मी स्वतः केलंय. माझी लेक साडेतीन वर्षांची असताना ५० पर्यंत घडाघडा म्हणायची, पाहुणे आले की आम्ही म्हणायला लावायचो, आणि एक दिवस सहा चमचे आण म्हटलं तर मूठभर घेऊन आली. आकडे गाण्यासारखे पाठ होते, सहा म्हणजे किती ते माहीतच नव्हतं. मग रात्री ताटं मांडायचं काम तिला दिलं. आजीचं एक, आजोबांचं एक, बाबांचं एक, असं करत. सुरुवातीला रोज चुकायचं, कोणी रागवायचं नाही, ज्याला ताट नाही तो फक्त विचारायचा, "अगं, माझं कुठंय?" महिन्याभराने आजोबा सासवडला गेले होते, तर ही मांडणीपाशी थांबली, बोटं मोजली आणि म्हणाली, "आज चारच." वजाबाकी आहे हो ही!

तिसरं, दोन तास लिखाण. पेन्सिल धरायला आधी बोटांत ताकद लागते, ती कणकेचे गोळे करून, कपड्यांना चिमटे लावून, मटार सोलून येते. थंडीत मंडईतून किलोभर मटार आणले की आम्ही दोघी खाली पेपर पसरून बसतो, शेंग उघडायच्या आधी आत किती दाणे ते तिने सांगायचं, मग उघडून मोजायचे, बरोबर आलं तर दाणे तिचे. आणि बसवून ठेवण्याबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी म्हणते.

घरकामात वेळ जातो? जातो ना. सकाळी डब्याच्या घाईत मीही नाही करत, संध्याकाळचं एक काम पुरतं.

आणि हे नवीन फॅड वाटत असेल तर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आसपासची पानं, बिया, शिंपले हीच मुलांची साधनं होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांसाठी खेळातून, कृतीतून शिकवा असं आहे.

झेरॉक्सवाल्या दोघींनो, ते पाठकोरे कागद पोरांना चित्रं काढायला द्या, आणि रविवारी त्यांना घेऊन आमच्याकडे या. मटार आणून ठेवते.