प्रोजेक्ट न चालणे आणि प्रोजेक्टमध्ये नापास होणे

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, आमचं मॉडेल चालतच नाही. मी प्रोजेक्टमध्ये उडणार, आणि सगळं पुन्हा करावं लागणार. आईला अजून बोलले नाहीये." एवढे बोलून ती रडायला लागली.

तिला मी जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण २०१३ साली मी स्वतः शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत नापास झालो होतो. आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना हे आज प्रथमच कळेल.

आमचा चौघांचा प्रोजेक्ट ठिबक सिंचनाचा होता. जमिनीतला ओलावा मोजायचा, माती कोरडी झाली की पंप सुरू करायचा आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा. ओलाव्याचा सेन्सर माझ्याकडे होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली, दोन दात असलेली तांब्याचा पातळ थर दिलेली पट्टी मी कुंडीतल्या ओल्या मातीत खोचली आणि तिला दिवसरात्र वीजपुरवठा चालू ठेवला. दोन-तीन आठवड्यांनी कुंडीत पाणी साचलेले असतानाही आकडे 'माती कोरडी आहे' असे सांगू लागले. परीक्षा चार दिवसांवर आली होती, म्हणून मी प्रोग्राममध्ये आकडा बदलून वेळ मारून नेली. गाईडना, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शिक्षकांना, सांगितले नाही आणि सोबतच्या तिघांनाही नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पट्टी मातीतून उपसली, रुमालाने पुसली आणि माझ्यासमोर धरली. एका दातावरचे तांबे जवळजवळ नाहीसे झाले होते. "हे कशाने झालं?" मी म्हणालो, "सर, दुकानदाराने खराब माल दिला." ओल्या मातीतून एकाच दिशेने सतत वीज वाहत राहिली, तर एका बाजूचा धातू विरघळत जातो, हे बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवलेले असते. विद्युत अपघटनाचे ते साधे उदाहरण होते आणि कारण न शोधता मी ते झाकून ठेवले होते. माझे तीन सहकारी उत्तीर्ण झाले. मला ५० पैकी १४ गुण मिळाले, उत्तीर्ण होण्यासाठी २० लागत होते.

पुन्हा प्रोजेक्ट करणे म्हणजे काय, याची भीती मुलांना ज्या बाजूने वाटते त्या बाजूने ते फारसे अवघड नसते. पुन्हा फॉर्म भरायचा, शुल्क भरायचे, एक वर्ष मागे असलेल्या मुलांबरोबर बसायचे. खरा त्रास वेगळाच असतो. नोकरीच्या पत्रात 'एकही विषय राहिलेला नसावा' अशी अट होती, त्यामुळे ती नोकरी गेली. वडील सहा महिने सगळ्यांना "कंपनीचं पत्र यायचं आहे" असे सांगत राहिले आणि ते ऐकताना मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असे. सेन्सर मात्र दुसऱ्या वेळी दोन दिवसांत दुरुस्त झाला, कारण मोजणी करण्यापुरतीच, अर्ध्या तासातून एकदा क्षणभर, त्याला वीज द्यायची एवढाच बदल करायचा होता.

प्रोजेक्ट चालला नाही म्हणून मी नापास झालो नव्हतो. तो का चालत नाही हे मला सांगता आले नाही, आणि ते सांगता आले नाही याचे कारण मी ते लपवण्यात गुंतलो होतो. माझ्या पाहण्यातली जी मुले या विषयात राहिली, त्यांतली बहुतेक अशीच राहिली: रिव्ह्यूला, म्हणजे प्रोजेक्टच्या मधल्या तपासणीला, गैरहजर राहणे, गाईडना टाळणे, वर्षभराचे लॉगबुक एका रात्रीत तीन वेगवेगळ्या पेनांनी भरणे. शेवटी घाबरून कुणीतरी रेडीमेड प्रोजेक्ट विकत आणतो. तो चालतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे विचारले की चौघेही एकमेकांकडे पाहतात.

यात शिक्षकांचा वाटा नाही असे मी म्हणणार नाही. रिव्ह्यूमध्ये "किती टक्के पूर्ण झाला?" हा एकच प्रश्न विचारला, तर मुलगा ८० म्हणणार. "कुठे अडलं आहे?" असे विचारणारे गाईड मला दुसऱ्या वेळी मिळाले.

आता भाचीचे. तिच्या गटाने टोमॅटोच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारे मॉडेल, म्हणजे फोटोंवरून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम, केले आहे. ते शिकवण्यासाठी 'प्लांटव्हिलेज' हा प्रसिद्ध फोटोसंग्रह वापरला. त्या संग्रहातल्या फोटोंवर मॉडेल जवळजवळ चुकत नाही, पण आमच्या दादांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या जुन्नरजवळच्या शेतात काढलेल्या फोटोंवर करप्याला निरोगी म्हणते आणि निरोगी पानाला करपा. मी तिला विचारले, संग्रहातले फोटो कसे आहेत? ती म्हणाली, एकेक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले. आणि शेतातले? पानावर पान, ऊन, सावली, माती, मध्येच दादांचा हात.

याच संग्रहावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के आली होती आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तीच ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली होती. संशोधकांनी दोन्ही आकडे छापले. माझी भाची मात्र आपला तसाच दुसरा आकडा, शेतातल्या फोटोंवरचा, अहवालातून काढून टाकणार होती.

सोमवारी ती शेतातले साठ फोटो घेऊन गाईडकडे गेली. ते दहा मिनिटे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस? याचं वेगळं प्रकरण कर." तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. काल रात्री तिने आईलाही सांगितले, आणि ताईने लगेच मला फोन करून पहिला प्रश्न विचारला, तो तिच्या प्रोजेक्टचा नव्हता, माझ्या १४ गुणांचा होता.