सबसॉनिक गोळी मुकी नसते आणि ससा बहिरा नसतो

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, सबसॉनिक काडतुसं आणलीत, सायलेन्सर आहेच. मग इअरमफ घरी ठेवले तर चालेल ना? आणि बांधापलीकडच्या वाटेचंही फार मनावर घ्यायला नको म्हणतात." सबसॉनिक म्हणजे ज्याची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा मंद जाते असं काडतूस. भाच्याला बंदुकीचा परवाना मिळून जेमतेम चार महिने झालेत. बिळात राहणारा युरोपीय ससा जिथे पिकांचा उपद्रवी प्राणी मानला जातो आणि परवान्यावर मारता येतो, अशा ठिकाणी एका शेतमालकाने त्याला सशांच्या बंदोबस्ताला बोलावलंय. हे ज्ञान कुठून आलं विचारलं, तर त्याने एक संदेश धाडला. तोच संदेश गेल्या महिन्याभरात मला आणखी तिघांनी पाठवला होता.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: सशासाठी रिमफायरमध्ये (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या लहान काडतुसांत) फक्त सबसॉनिक काडतूस घ्यावं. सायलेन्सर लावला की आवाज शून्य, कान झाकायची गरज नाही. सशाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे एकामागून एक टिपता येतात. गोळी मंद असते, म्हणून ती मातीत रुतते, उसळत नाही. मागे काय आहे याची काळजी नको. शंभर मीटरपर्यंत बिनधास्त मारा. कंपनी कुठलीही चालते.

क्रम सोडून आधी उसळण्याचंच घेतो. बाकीच्या चुकांनी ससा निसटेल, काडतुसं वाया जातील. या चुकीने माणूस मरेल.

.२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाची नेहमीची गोळी शिशाची, गोल नाकाची, ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. सबसॉनिक काडतुसात ती नळीतून सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास वेगाने निघते. ओल्या गवतावर, गोठलेल्या मातीवर, दगडावर ती तिरकी आपटली की फुटत नाही. आहे तशी अखंड राहते आणि दिशा बदलून पुढे जाते. उसळण्याबद्दल .२२ इतकी बदनाम दुसरी गोळी क्वचितच असेल, आणि त्याचं कारणच मुळी हे आहे की ती मंद आहे आणि एकसंध राहते. .१७ एचएमआर या दुसऱ्या, वेगवान रिमफायर काडतुसाची १७ ग्रेनची गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या वेगाने जाते आणि जमिनीला लागताच बहुतेक वेळा तिचा चुरा होतो. उसळण्याचा धोका तिथे कमी असतो, संपलेला नसतो. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने कारण आणि परिणाम यांची नेमकी उलटी जोडी लावली आहे.

.२२च्या कितीतरी डब्यांवर छापलेलं असतं की गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक आहे. दीड मैल म्हणजे २.४ किलोमीटर. सबसॉनिक गोळी त्याच्या काहीशी अलीकडे पडेल, पण कुंपणाशी नक्कीच थांबणार नाही. मी स्वतः एकदा ओल्या कुरणात ससा चुकवला. गोळी सूंऽऽ करत डावीकडच्या झाडीवरून निघून गेली. त्या झाडीमागे पायवाट होती. तेव्हा तिथे कुणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय. तो आवाज ज्याने ऐकलाय तो 'मागे काय आहे याची काळजी नको' असं वाक्य कधीच लिहिणार नाही. ससा टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाच्या रेषेवर बसला असेल तर चापाला बोट लावायचं नाही. मागे मातीचा उतार किंवा बांध हवाच, आणि तो रायफलच्या जागेवरून डोळ्यांनी दिसायला हवा. शिवाय बार जितका दबलेला, तितका पलीकडच्या वाटसरूला इशारा कमी. मोठा बार ऐकून माणूस निदान थांबतो, हाक मारतो. सायलेन्सर लावलेल्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

आता आवाजाबद्दल. इथे संदेशात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. रायफलचा आवाज एक नसतो. नळीच्या तोंडाशी वायू सुटतो त्याचा बार, गोळी आवाजाच्या वेगापुढे गेली तर हवेत उठणारा कडकडाट, काडतूस आत सरकवणाऱ्या बोल्टची खटखट आणि गोळी लागल्याचा थप्प. सायलेन्सर फक्त पहिल्यावर काम करतो. हवा २० अंश सेल्सिअस असताना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाची .२२ साधारण ३८० मीटरने जाते, म्हणून सायलेन्सर लावूनही ती कडाडतेच. सबसॉनिक गोळी ती मर्यादा ओलांडत नाही, आणि सायलेन्सरसोबत ती खरोखरच फार हळू आवाजाची असते. इथवर बरोबर.

पण 'शून्य' नव्हे. हायरम पर्सी मॅक्सिमला १९०९मध्ये या उपकरणाचं पेटंट मिळालं आणि त्याने विकताना नाव दिलं सायलेन्सर. तेव्हापासून लोक नावावरच विश्वास ठेवत आलेत. सायलेन्सर नसलेल्या .२२ रायफलचा बार कानाशी १४० डेसिबलच्या आसपास पोचतो. सबसॉनिक आणि सायलेन्सर मिळून तो ११५ ते १२०पर्यंत उतरतो. डेसिबलच्या मापात दर १० ला ऊर्जा दहा पट बदलते, त्यामुळे ही घट प्रचंड आहे. पण ११५ म्हणजे शांतता नव्हे. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची संस्था, नायॉश, अशा क्षणिक आवाजासाठी १४०ची वरची मर्यादा सांगते. त्या हिशेबाने भाच्याचा एखादा दबका बार त्याचा कान फोडणार नाही, हे खरं. पण तोच मुलगा सरावाला सायलेन्सर काढून बसणार, शेजारी दुसरा हाय व्हेलॉसिटी झाडत असणार, आणि 'गरज नाही' ही सवय तोवर अंगवळणी पडलेली असणार. उजव्या खांद्याने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. माझ्या डाव्या कानात बारा वर्षं शिट्टी वाजतेय, रात्री सगळं शांत झालं की जास्तच. ती थांबवायचं औषध नाही.

आणखी एक गोष्ट, जी थंडीत काम करणाऱ्याला लगेच कळते. हवा गार झाली की आवाजाचा वेगही उतरतो, दर अंशाला साधारण ०.६ मीटर. शून्य अंशाला तो ३३१वर येतो. त्यामुळे ३२५-३३० मीटरची 'स्टँडर्ड' काडतुसं उन्हाळ्यात चूप असतात आणि कडाक्याच्या रात्री त्यातली एखादी कडाडते. एकाच डब्यातल्या गोळ्यांचा वेग थोडा कमीजास्त असतोच. म्हणून डब्यावरचा शब्द नव्हे, आकडा वाचायचा.

'सशाला ऐकू जात नाही' हे वाचून मला खरंच राग आला. हेफ्नर आणि मास्टर्टन या संशोधकांनी १९८०मध्ये सशाच्या श्रवणाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. ६० डेसिबलच्या पातळीला सशाला ९६ हर्ट्झपासून ४९,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. माणसाची झेप त्याच पातळीला १७,६०० हर्ट्झच्या आसपास संपते. म्हणजे आपल्याला जे ऐकूच येत नाही अशा दोन-अडीच पट वरच्या पट्टीतलंही त्याला कळतं. चाप अडवून धरणाऱ्या सेफ्टीची टिकटिक, जाकिटाच्या नायलॉनची खसखस, खिशात किल्ल्यांची किणकिण, यांत वरच्या पट्टीचा आवाज भरपूर असतो. बारीक आवाजाच्या काडतुसासाठी जादा पैसे मोजायचे आणि खुळखुळणारा खिसा घेऊन कुरणात शिरायचं, असं करणारे मी कितीतरी पाहिलेत. पहिल्या गोळीआधीच अर्धे ससे बिळात गेलेले असतात.

हेही खरं की दबक्या बारानंतर बाजूचे ससे कधीकधी चरतच राहतात. त्यांनी ऐकलेलं असतं. आवाज कुठून आला आणि त्यात धोका काय, हे त्यांना लागत नाही, एवढंच. पण एकाने मागचा पाय जमिनीवर आपटला, पांढरी शेपटी उडवत पळाला, की सगळं कुरण रिकामं. ज्या जागी वारंवार गोळीबार होतो तिथले ससे तर गाडीचं दारही ओळखायला लागतात.

भाच्याने इथे एक चांगला प्रश्न विचारला: सबसॉनिक गोळी आवाजापेक्षा मंद, मग आवाज आधी पोचून ससा उडी मारणार नाही का? हिशेब करू. ६० मीटरवर आवाज पोचायला साधारण ०.१८ सेकंद लागतात, गोळीला ०.१९च्या पुढे-मागे. फरक सेकंदाच्या एक-दोन शतांशांचा. तेवढ्यात ससा दचकायला लागला तरी जागा सोडू शकत नाही. तो निसटतो ते तुमच्या पावलांमुळे.

शंभर मीटरचा सल्ला मात्र क्रूर आहे. ५० मीटरवर गोळी अचूक बसेल असा नेम जुळवलेली रायफल सबसॉनिक गोळीने १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते. सशाच्या डोक्यात नेम धरायची जागा चार-पाच सेंटीमीटरची. अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला की गोळी पोटात किंवा मांडीत बसते. आणि हा ससा बिळात राहणारा आहे. जखमी झालेला ससा फरपटत बिळात शिरतो, तिथे हात पोचत नाही, दुसरी गोळी पोचत नाही. तो आत तासन्‌तास मरत राहतो. हे काम करायचंच असेल तर त्याला कळण्याआधी संपलं पाहिजे. नवशिक्याने ५०-६० मीटरपुढे जाऊ नये, आणि पुढे जायचंच तर आधी कागदाच्या निशाणावर नेम सिद्ध करावा. वाऱ्यात सबसॉनिक गोळी हाय व्हेलॉसिटीपेक्षा कमी वाहते, हा तिचा खरा गुण. तो संदेशात नाही.

कंपनी कुठलीही चालते, याला दोन वाक्यं पुरेत. एकाच कारखान्याच्या दोन सारख्या रायफलींनाही वेगवेगळी काडतुसं मानवतात, आणि काही अर्धस्वयंचलित रायफली सबसॉनिकवर पुढची गोळी नीट भरतच नाहीत. गोळी मात्र होलो पॉइंट, म्हणजे नाकाला पोकळी असलेली आणि लागताच पसरणारी हवी. सराव-नेमबाजीची भरीव गोळी सशातून आरपार जाते आणि त्याला जखमी करून सोडते.

भाच्याला मी सांगितलं, चार प्रकारचे डबे घे, कान झाक, ५० मीटरवर कागद लाव आणि प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या मार. रविवारी त्याने कागदांचे फोटो पाठवले. एकाच्या पाचही गोळ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकल्या जातील अशा बसल्या होत्या, दुसऱ्याच्या तळहातभर पसरल्या होत्या. दोन्ही डब्यांवर सबसॉनिकच लिहिलेलं होतं. आता तो शेतावर जाऊन, कुठून गोळी मारायची त्या जागा ठरवायला, बिळांपासून ५५ मीटरवर खुंट्या ठोकणार आहे. वाटेकडच्या बाजूला त्याने एकही खुंटी धरलेली नाही.