बटण. बटण. बटण.

गोव्यातल्या साखळी गावाहून आत्ताच घरी आले. जेवणखाण व्हायचंय, पण आधी हे लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

दुपारी मामांकडे गेले होते. माझ्या इथल्या मित्रयादीतले निम्मे त्यांच्या वर्गात शिकलेत, तेव्हा मामा कोण ते सांगायला नको. काचबिंदूनं दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. फोन बोलतो, मामा ऐकतात. बातम्या, व्हॉट्सॲप, बँकेतली शिल्लक, सगळं आपलं आपण. टॉकबॅकचा, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा, वेग इतका वाढवून ठेवलाय की शेजारी बसून मला एक शब्द लागत नाही.

आज एका खात्याच्या साइटवर फॉर्म भरायचा होता. मामा सोप्यावर बसले, पान उघडलं, बोट फिरवलं. फोन म्हणाला, ‘बटण.’ पुढे सरकले. ‘बटण.’ आणखी पुढे. ‘बटण.’ तिन्ही बटणं बिननावाची. मी वाकून बघितलं तर घराचं चित्र, प्रिंटरचं चित्र आणि एक गोल फिरलेला बाण. बघणाऱ्याला कळतं. मामांनी एकेक दाबून पाहिलं आणि तिसऱ्यानं भरलेला सगळा फॉर्म पुसून टाकला.

पुन्हा भरला. न कुरकुरता. शेवटी कॅप्चा. वेडीवाकडी सहा अक्षरं, ऐकायची सोय नाही. मी वाचून सांगेपर्यंत वेळ संपली आणि साइटनं मामांना बाहेर काढलं.

‘द्या इकडे, दोन मिनिटांत भरते,’ मी म्हटलं.

‘नको गो. तू बस.’

हे ‘नको’ कुठून येतं ते मला ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं असायचो, तेव्हा संध्याकाळी मामांच्या टेबलापाशी रांग लागायची. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, अख्ख्या वाड्याचे अर्ज मामा भरायचे. उत्पन्नाचा रकाना आला की कागद समोरच्याकडे फिरवून म्हणायचे, ‘हा आकडा तुम्ही घाला, मी बघत नाही.’ ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी आम्हा पोरांना अंगणात हाकलायचे आणि मगच विचारायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत कुणाचा. त्या माणसानं आज खातेनंबर, आधार आणि ओटीपी बाजारातल्या सायबरवाल्या पोराला चारचौघांत मोठ्यानं सांगायचा?

आता कुणीतरी लिहील, ‘ताई, घरात माणसं आहेत ना मदतीला.’ आहेत. मीच आहे. प्रश्न मदतीचा नाहीये हो! बटणाला नाव द्या, बस्स. बटण बनवणाऱ्यानं कोडमध्ये एक शब्द लिहायचा असतो, ‘छापा’ किंवा ‘पुसा’. यासाठी काय मंत्रिमंडळाची बैठक लागते?

आणि कायदा नाही असंही नाही. सरकारी साइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. नियम आले २०१७ मध्ये, सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली, ती संपूनही किती वर्षं झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात ना, त्यावरून ते प्रकरण होतं. ॲसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्या बाईला मिचकावायला सांगत होते!

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? त्या साइटवर वर कोपऱ्यात ‘स्क्रीन रीडर’ अशी लिंक आहे. आत पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी, हे फुकट, ते विकत. मामांनी ती यादी स्क्रीन रीडरनंच ऐकली आणि पोट धरून हसले. मी नाही हसले.

सूचनांची तर वेगळीच कथा. कागद स्कॅन करून चढवलेला, म्हणजे फोनच्या लेखी एक फोटो, त्यात अक्षरच नाही. आणि जिथं अक्षर आहे तिथं कधी कधी जुना, युनिकोडच्या आधीचा मराठी फाँट, मग फोन भूत लागल्यासारखा काहीबाही इंग्रजी अक्षरं बडबडतो.

पणजीत २०२३ मध्ये दिव्यांगांचा उत्सव, पर्पल फेस्ट, सुरू झाला तेव्हा मीही गेले होते. भरून आलं होतं, खोटं नाही सांगत. रॅम्प, खुणांची भाषा, सगळं. असावंच ते. पण उत्सव संपल्यावर मामा घरी येतात आणि फोन म्हणतो, ‘बटण.’

बरं, मान्य, रोबो येतात म्हणून कॅप्चा लागतो. जुनी साइट सुधारायला पैसे लागतात, तेही मान्य. आणि खात्यातल्या त्या बिचाऱ्या कारकुनानं साइट बनवलेली नसते, मी उगाच दुपारी फोनवर त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, ‘मॅडम, आमी कितें करप?’ खरंच, त्यानं काय करायचं.

लिहिता लिहिता एक आठवलं आणि जरा ओशाळले. गेल्या चवथीला मी सगळ्यांना निमंत्रण पाठवलं होतं, माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळं-भाज्यांच्या सजावटीचा, सुंदर फोटो आणि त्यावरच छापलेला मजकूर. मामांचा फोन आला होता, ‘काय पाठवलंस? हा म्हणतो, फोटो.’ मी हसत म्हटलं होतं, ‘काही नाही, आरतीला या.’ वेळ सांगितलीच नाही. मामा आले तोवर आरती होऊन गेली होती. ‘रस्त्यात उशीर झाला,’ म्हणाले.

फॉर्म अजून तसाच आहे. निघताना पुन्हा एकदा प्रयत्न केला, मी कॅप्चा वाचला, मामांनी टाइप केला, चूक. तो एक होता की एल, मला दोन डोळ्यांनी कळेना. उद्या सकाळी परत जाणार आहे. मामा म्हणाले, ‘ये. चष्मा घेऊन ये. पण फोनला हात लावायचा नाही.’